कमी झोपेमुळे आजार की आजारामुळे कमी झोप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘सुप्रभात’च्या फुलांपाठोपाठ झोपेची एखादी बातमी येतेच. सहा तासांपेक्षा कमी झोपाल तर हृदय जाईल, नऊ तासांपेक्षा जास्त झोपाल तर आयुष्य जाईल, दुपारी झोपाल तर साखर वाढेल, नाही झोपलात तर रक्तदाब. कट्ट्यावर, ज्येष्ठ नागरिक संघात आणि हिंजवडीच्या बसमध्ये या बातम्यांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ही उत्तरं औषधोपचाराची नाहीत. झोपेवरचं संशोधन वाचायचं कसं, एवढ्यापुरतीच ती आहेत.

‘कमी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त’ असं संशोधनात आढळलं. म्हणजे कमी झोपेमुळे हृदयविकार होतो, हेच ना?

तेवढ्यावरून नाही. दोन गोष्टी बरोबरीनं आढळतात, इतकंच त्या वाक्यात आहे. याला सहसंबंध म्हणतात. एकीमुळे दुसरी घडते असं म्हणायचं तर कार्यकारणभाव दाखवावा लागतो. ते काम वेगळं आहे आणि बरंच अवघडही.

पुण्यात रात्री जेमतेम पाच तास झोपणारी माणसं कोण, हे जरा डोळ्यांसमोर आणा. गेटवर बारा तासांची ड्यूटी करून दुसरीकडे आणखी एक काम धरणारा वॉचमन. मार्केट यार्डात पहाटे माल उतरवणारा हमाल. अमेरिकेच्या वेळेनं कॉल घेणारी टीम लीड. तान्ह्या बाळाची आई. साखर वाढल्यामुळे रात्रीतून चारदा लघवीला उठणारे आजोबा. गुडघे ठणकतात म्हणून कूस बदलत राहणाऱ्या आजी. मुलाची नोकरी गेल्यापासून छताकडे बघत पडणारे काका. झोप सगळ्यांचीच कमी, पण प्रत्येकाचं कारण निराळं. आणि यातली बरीचशी कारणं अशी आहेत, की झोप मध्ये न येताही ती हृदयाला त्रास देऊ शकतात. मधुमेह देतो, कायमचा ताण देतो, जेवणाखाण्याची आबाळ देते, तंबाखू तर देतेच.

म्हणून अशी बातमी आली की ‘खरं की खोटं’ हे नंतर विचारावं. कमी झोपणारी ती माणसं कोण होती आणि त्यांची झोप कशानं कमी झाली, हे आधी विचारावं. खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नाची पोटकलमं आहेत.

दोन्हीच्या मागे तिसराच घटक असतो, म्हणजे नेमकं काय?

गणपतीचे दिवस घ्या. ढोल-पथकांचा सराव, देखावे बघायला मध्यरात्रीपर्यंत पेठांमधून भटकंती आणि शेवटी दुसऱ्या दिवसावर जाणारी विसर्जन मिरवणूक. शहराची झोप या दिवसांत नक्की कमी होते. त्याच सुमारास दवाखान्यांत डेंग्यूचे रुग्णही वाढलेले असतात. कुणी आठवड्यागणिक जागरणं आणि डेंग्यूचे रुग्ण कागदावर मांडले, तर दोन्ही रेघा जोडीनं चढताना दिसू शकतात. म्हणून जागरणानं डेंग्यू झाला असं कुणी म्हणत नाही, कारण मध्ये डास आहे हे आपल्याला ठाऊक आहे. भाद्रपद पावसाळ्याच्या उतरणीला येतो, साचलेल्या पाण्यात डास वाढलेले असतात आणि गणपतीही तेव्हाच येतात. ऋतू हा तिसरा घटक. संशोधनाच्या भाषेत गोंधळ घालणारा घटक.

इथे डास माहीत होता म्हणून आपण फसलो नाही. तो माहीत नसता तर?

तसं खरोखर घडलेलं आहे. १९९९ साली ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात अमेरिकेतल्या ४७९ मुलांचा अभ्यास छापून आला. दोन वर्षांची होईपर्यंत जी मुलं अंधारात झोपली, त्यांच्यातल्या १० टक्क्यांना पुढे लांबचं कमी दिसायला लागलं. मंद दिवा लावून झोपलेल्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होतं आणि खोलीतला मोठा दिवा चालू ठेवून झोपलेल्यांमध्ये ५५ टक्के. पायरीपायरीनं वाढत जाणारा इतका ठसठशीत आकडा पाहिल्यावर कुणीही म्हणेल, की दिव्यानंच डोळे बिघडले. जगभर पालकांनी रात्रीचे दिवे बंद केले असतील तर नवल नाही.

पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात संशोधकांच्या दुसऱ्या दोन गटांनी आपापल्या पाहणीतल्या मुलांची माहिती मांडली. त्यांना दिव्याचा आणि चष्म्याचा संबंध दिसलाच नाही. दिसलं ते वेगळंच: ज्या आईवडिलांना स्वतःला चष्मा होता, ते मुलांच्या खोलीत रात्री दिवा जास्त लावत होते. ते का लावत असतील याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. रात्री बाळाला बघायला उठायचं, तर त्यांनाच उजेड हवा. आणि लांबचं कमी दिसणं पुष्कळदा वारशानं येतं. पहिल्या अभ्यासात आईवडिलांच्या चष्म्याचा हिशेब धरलेला नव्हता.

‘जास्त झोपणारे लवकर जातात’ असंही वाचलं. आमचे वडील नऊ तास झोपतात. त्यांना उठवायचं का?

वडिलांना झोपू द्या. पण त्यांची झोप अलीकडे वाढली असेल, तर ती का वाढली हे मात्र डॉक्टरांकडून बघून घ्या.

हा दावा हवेतून आलेला नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं १९८२ मध्ये सुरू केलेल्या पाहणीतल्या ११ लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. सात तास झोपणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं. त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये जास्त आणि आठ किंवा अधिक तास झोपणाऱ्यांमध्येही जास्त. पुढे २०१० मध्ये १६ अभ्यासांची, म्हणजे सुमारे १३ लाख ८३ हजार लोकांची माहिती एकत्र केली गेली. त्यात कमी झोपणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी जास्त आढळला आणि जास्त झोपणाऱ्यांमध्ये ३० टक्क्यांनी.

म्हणजे आकड्यांवरच जायचं तर जागरणापेक्षा लोळत पडणं अधिक जीवघेणं! ते तसं असण्याची शक्यता कमी वाटते, कारण कारणाकडून परिणामाकडे जाणारा बाण इथे उलट्या दिशेनं जाऊ शकतो. हृदय दुबळं झालं, शरीरात कुठेतरी कर्करोग वाढत असला, थायरॉइड मंदावली, नैराश्य आलं, की माणूस जास्त झोपतो किंवा निदान जास्त वेळ अंथरुणात राहतो. आजाराचं निदान पुढे होतं, झोप आधी वाढते. मग तक्त्यात ‘आधी झोप, नंतर मृत्यू’ असा क्रम दिसतो आणि झोपेवर आळ येतो.

यावर संशोधकांचा एक उपाय आहे. पाहणी सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत जे दगावले त्यांना वगळायचं आणि उरलेल्यांचा हिशेब पुन्हा करायचा. आजार हळू वाढणारा असेल तर काही वर्षंही पुरत नाहीत. स्मृतिभ्रंशाचं तेच आहे, त्यात मेंदूतले बदल विसरभोळेपणाच्या कितीतरी आधी सुरू होतात. म्हणून ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ अभ्यासाला महत्त्व आहे. त्यात ७,९५९ लोकांना २५ वर्षं पाहिलं गेलं. २०२१ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार पन्नाशी, साठी आणि सत्तरी अशी तिन्ही वेळा ज्यांची झोप कमीच राहिली, त्यांना सात तास झोपणाऱ्यांच्या मानानं स्मृतिभ्रंशाचा धोका ३० टक्क्यांनी अधिक होता. पन्नाशीतली झोप पंचाहत्तरीतल्या आजारामुळे बिघडली असं म्हणणं थोडं ओढूनताणून होतं, त्यामुळे उलट्या बाणाची शंका इथे पुष्कळ कमी होते. पूर्ण जात नाही.

वामकुक्षी हृदयाला चांगली म्हणतात. पुणेकर उगाच दुकानं बंद ठेवत नाहीत, खरं ना?

‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीला शास्त्राचा आधार मिळावा अशी इच्छा असणारे बरेच भेटतात. ग्रीसमधला २००७ चा एक अभ्यास त्यांच्या कामी येतो. २३,६८१ निरोगी प्रौढांमध्ये, आठवड्यातून किमान तीनदा, अर्धा तास किंवा त्याहून जास्त दुपारी झोपणाऱ्यांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण न झोपणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी निघालं. नोकरीधंदा करणाऱ्या पुरुषांमध्ये हा फरक विशेष ठळक होता.

आता पुन्हा तोच प्रश्न. दुपारी झोपायला कुणाला मिळतं? ज्याचं घर कामाच्या जागेजवळ आहे, ज्याच्या मानेवर साहेब बसलेला नाही, ज्याच्या घरी दुपारचं ताट वाढलेलं असतं. अशा माणसाचं हृदय झोपेविनाही थोडं निवांतच असणार. दुसरीकडे, दुपारी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि मधुमेह जास्त सापडल्याचे अभ्यासही आहेत, आणि तिथे दुपारची पेंग हीच रात्रीच्या बिघडलेल्या झोपेची किंवा लपलेल्या आजाराची खूण असू शकते. वामकुक्षी तीच, एका ठिकाणी ती सुखवस्तूपणाची खूण, दुसऱ्या ठिकाणी थकव्याची.

हा गुंता सोडवायचा तर दुपारी कुणी झोपायचं हे त्या माणसावर न सोडता नशिबावर सोडावं लागतं. तसा प्रयोग आपल्याच देशात, चेन्नईत झाला. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांना डेटा एंट्रीचं काम दिलं आणि त्यांतल्या काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास झोपायची सोय करून दिली. त्यांचं कामातलं लक्ष, उत्पादकता आणि मनःस्थिती सुधारली. अर्थात झोपण्यात गेलेला वेळ कामातून वजा झाला, म्हणजे कमाईचा हिशेब तितका गोड नव्हता. आणि हा प्रयोग हृदयविकाराबद्दल काहीच सांगत नाही, हेही ध्यानात ठेवा. दुकानाची पाटी तूर्त परंपरेच्याच जोरावर राहू द्या.

संशोधक वय, धूम्रपान, वजन यांचा हिशेब करतातच की. मग शंका कशाला?

करतात, आणि बहुतेक जण प्रामाणिकपणे करतात. पण जे मोजलंच नाही त्याचा हिशेब करता येत नाही. ‘महिन्याचं उत्पन्न किती’ हा एक प्रश्न विचारला, की गरिबी मोजून झाली असं होत नाही. पत्र्याच्या खोलीतली मे महिन्यातली रात्र, रस्त्यावरचा आवाज, डास, एका खोलीत सहा माणसं, उद्याच्या हप्त्याची धाकधूक, यांतलं काय त्या रकान्यात आलं? जे निसटतं ते झोपेच्या नावावर चढतं.

उलटी चूकही होते, आणि ती कमी लोकांच्या लक्षात येते. समजा कमी झोपेनं भूक वाढते, भुकेनं वजन वाढतं आणि वजनानं साखर वाढते. इथे वजन हा गोंधळ घालणारा घटक नाही, झोपेपासून साखरेपर्यंतच्या वाटेवरचाच तो टप्पा आहे. त्याचा ‘हिशेब करून’ तो काढून टाकला, तर झोपेचा खरा परिणामच पुसला जातो. त्यामुळे ‘पंचवीस घटकांचा विचार केला’ असं वाचून लगेच भारावून जाऊ नये.

झोप मोजतात तरी कशी?

मोठ्या पाहण्यांमध्ये बहुतेक वेळा नुसतं विचारतात: तुम्ही रात्री साधारण किती तास झोपता? आपण अंथरुणात पडल्यापासून उठेपर्यंतचा वेळ सांगून मोकळे होतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोकांनी सरासरी ६.८ तास सांगितले. मनगटावरच्या यंत्रानं मोजल्यावर ६ तास निघाले. चेन्नईच्या प्रयोगात तर माणसं रात्री आठ तास अंथरुणात असायची आणि झोपायची जेमतेम साडेपाच तास.

वर, ही चूक सगळ्यांची सारखी नसते. निद्रानाश असलेली माणसं बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा सांगतात. नैराश्यातल्या माणसाला रात्र लांब वाटते. म्हणजे ‘कमी झोपतो असं सांगणारे’ आणि ‘कमी झोपणारे’ हे दोन वेगळे गट असू शकतात.

स्मार्टवॉचची माहिती वापरणारे अभ्यास आता पुष्कळ येतात. घड्याळ एकूण झोपेचा अंदाज बरा देतं, गाढ झोपेचे टप्पे सांगताना बरंच चुकतं. पण घड्याळापेक्षा मोठी अडचण मनगटाची आहे. ते घेऊन रोज घालणारा माणूस बाणेर-बालेवाडीचा असण्याची शक्यता जास्त, कात्रजच्या वीटभट्टीवरचा नव्हे.

मग सरळ प्रयोग का करत नाहीत?

करतात. भिशीत चिठ्ठी उचलतात तसं, कुणी कमी झोपायचं आणि कुणी पुरेसं, हे चिठ्ठीवर सोडायचं. मग दोन्ही गटांत गरीब-श्रीमंत, आजारी-धडधाकट, चिंताळू-बिनधास्त अशी सगळी माणसं सारखीच विखुरली जातात. मोजलेले घटकही आणि कुणाच्या ध्यानातही न आलेले घटकही. या पद्धतीचं बळ त्या ‘ध्यानातही न आलेले’ मध्ये आहे.

प्रयोगशाळेत झालेलं काम खरोखर पटण्यासारखं आहे. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता खालावली. २००३ च्या एका प्रयोगात ४८ जणांपैकी वेगवेगळ्या गटांना चौदा रात्री चार, सहा किंवा आठ तास दिले. सहा तासवाल्यांचीही एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली आणि गंमत म्हणजे आपण एवढे मंदावलोय याची त्यांना स्वतःला नीटशी जाणीवच नव्हती. ‘मला सहा तास पुरतात’ असं ठासून सांगणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही. २०२२ मध्ये शिकागोत वजन जास्त असलेल्या आणि कमी झोपणाऱ्या ८० प्रौढांपैकी काहींची झोप समुपदेशनानं सव्वा तासाच्या आसपास वाढवली. दोन आठवड्यांत त्यांचं खाणं बाकीच्यांच्या तुलनेत दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी उतरलं.

पण माणसं थोडी, बऱ्याचदा तरुण आणि धडधाकट, आणि कालावधी काही रात्रींचा किंवा आठवड्यांचा. हृदयविकार घडायला वीस वर्षं लागतात. कुणालाही वीस वर्षं पाच तासांवर ठेवणं माणुसकीत बसत नाही आणि जमणारही नाही. साखर सहा रात्रींत बिघडली म्हणजे मधुमेह होईलच असं नाही. शरीर जुळवूनही घेऊ शकतं.

चेन्नईच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग इथे सांगायलाच हवा, कारण झोपेवर बोलणारे तो सोयीनं वगळतात. तिथे लोकांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, कानातले बोळे, पंखे, गाद्या, काहींना तर झोपण्याचे पैसेही दिले. रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली. आणि तीन आठवड्यांत ना काम सुधारलं, ना आकलन, ना मनःस्थिती. तुटक, गोंगाटातली झोप आणखी थोडी मिळाल्यानं काही साधत नसेल, किंवा २७ मिनिटं हा डोसच कमी पडला असेल. दोन्ही शक्य आहे. ‘झोप वाढवा, सगळं सुधारेल’ या वाक्याला मात्र तिथे चांगलीच ठेच लागली.

प्रयोग करणं शक्यच नसेल, तर कार्यकारणभाव कधीच सिद्ध होणार नाही का?

तसं असतं तर तंबाखूवर आजही वाद चालला असता. लोकांना चिठ्ठ्या टाकून तीस वर्षं सिगारेट ओढायला कुणी लावलं नव्हतं. वेगवेगळ्या बाजूंनी आलेला पुरावा एकाच ठिकाणी येऊन मिळाला. १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवर धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा गाजलेला अभ्यास करणाऱ्या दोघांपैकी एक, ब्रॅडफर्ड हिल, यांनी १९६५ मध्ये अशा पुराव्याकडे बघायच्या नऊ बाजू मांडल्या. संबंध किती ठळक आहे, वेगवेगळ्या ठिकाणी तोच दिसतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर आहे का, डोस वाढला की परिणाम वाढतो का, शरीरशास्त्राशी जुळतं का, वगैरे. या नऊ अटी पुऱ्या झाल्या की मोहोर मारायची, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. यातली एकही अपरिहार्य नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. (वेळेचा क्रम सोडून, असं पुढच्या अनेकांचं मत आहे आणि ते पटतं.)

झोपेच्या बाबतीत आणखी दोन वाटा आहेत. एक, परिस्थितीनंच घडवलेला प्रयोग. युरोप-अमेरिकेत वसंतात घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणजे एका रात्री गरीब-श्रीमंत सगळ्यांचाच तास जातो. स्वीडनमधल्या नोंदींवरून २००८ मध्ये दाखवलं गेलं, की त्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके थोडे वाढतात. दुसरी वाट जनुकांची. काही जनुकं माणसाला जराशी कमी झोप लावतात, आणि ती कुणाला मिळणार हे जन्माआधीच ठरतं. पगार, साहेब, हप्ते यांचा त्यात हात नसतो. ब्रिटनमधल्या ४ लाख ६० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात अशी जनुकं आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध कमी झोप धोकादायक असल्याच्या बाजूनंच निघाला. एकच जनुक शरीरात अनेक कामं करतं, त्यामुळे ही वाटही अगदी निर्वेध नाही. तरी प्रयोगशाळा, पाहण्या, घड्याळं आणि जनुकं एकाच दिशेला बोट दाखवू लागली, की कमी झोपेवरचा संशय बळावतो. जास्त झोपेच्या बाबतीत अशी एकवाक्यता दिसत नाही.

घोरणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, मग मशीन लावलं की धोका टळतो ना?

झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि हृदयविकार यांचा संबंध पाहण्यांमध्ये वारंवार दिसला होता. म्हणून आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवर सीपॅप मशीनची, म्हणजे झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राची, मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला: मशीनमुळे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती आणि जगण्याचा दर्जा सुधारला. मात्र रुग्णांनी मशीन रात्रीतून सरासरी ३.३ तासच लावलं होतं, त्यामुळे ‘उपयोग नाही’ म्हणायचं की ‘पुरतं वापरलंच नाही’, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

हे वाचून कुणीही मशीन कपाटात ठेवू नये. गाडी चालवताना डुलकी न लागणं हाही फायदाच आहे.

झोपेच्या गोळ्या घेणारे लवकर दगावतात म्हणे?

वर सांगितलेल्या ११ लाखांच्या पाहणीतही हा संबंध दिसला होता. पण गोळी कुणाला लिहून देतात? ज्याला वेदना, नैराश्य, श्वासाचा त्रास किंवा दुखणं आहे, त्याला. गोळीचा दोष आणि गोळी देण्यामागच्या कारणाचा दोष वेगळे करणं फार कठीण असतं. म्हातारपणी या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याची भीती खरी आहे. बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

पुण्यात यावर काही काम झालंय का?

झालंय. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरात केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर गावांच्या आरोग्याची सातत्यानं नोंद ठेवतं. आफ्रिका आणि आशियातल्या आठ देशांमधल्या पन्नाशीपुढच्या ४० हजारांहून अधिक लोकांची झोप तपासणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारतातलं ठिकाण वढू होतं. झोपेच्या गंभीर तक्रारींचं प्रमाण कुठे ४ टक्क्यांच्या आत, तर बांगलादेशातल्या ठिकाणी ४० टक्क्यांवर होतं. सगळीकडे नैराश्य आणि चिंता यांच्याशी झोपेच्या तक्रारींचा घट्ट संबंध दिसला.

पण झोप आणि नैराश्य दोन्ही एकाच वेळी विचारलं गेलं होतं. आधी झोप उडाली की आधी मन खचलं, हे अशा एकवेळच्या पाहणीतून कळत नाही.

आमच्या आयटीत नाइट शिफ्ट आहे. ती ‘कॅन्सरकारक’ यादीत आहे, हे खरं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं आणि २०१९ मध्ये फेरविचार करून तिथेच ठेवलं. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. प्राण्यांवरचा पुरावा चांगला आहे. माणसांवरचे निष्कर्ष एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. शिवाय रात्रपाळीत झोपेबरोबर उजेड, जेवणाच्या वेळा, चहा-सिगारेट, कॅबमधले दोन तास असं सगळंच बदलतं.

‘धोका ३० टक्क्यांनी वाढतो’ म्हणजे १०० तले ३० जण आजारी पडणार?

नाही. समजा एखादा आजार दहा वर्षांत १०० पैकी १० जणांना होतो. ३० टक्के वाढ म्हणजे ते १३ होतील. मूळ प्रमाण हजारात १ असेल, तर तीच ३० टक्के वाढ १० हजारांत ३ जणांची. मूळ आकडा दिलेला नसेल तर टक्केवारीवर घाबरू नका, खूशही होऊ नका.

आकडे राहू द्या. माझ्या सासूबाईंना जायफळ घातलेल्या दुधानं झोप लागायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाहिलं असेलच, आणि दूध प्यायला कुणाचीच हरकत नाही. फक्त एवढं बघा, की उपाय आपण कधी सुरू करतो? सलग पाच-सहा रात्री वाईट गेल्या की. आणि झोपेचं चक्र असं असतं, की फार वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुधा थोडा बराच जातो, जायफळ असो वा नसो. श्रेय मात्र ताज्या उपायाला मिळतं. त्यात रात्री सुनेनं आणून दिलेलं गरम दूध, दोन घटका गप्पा, टीव्ही बंद. यातलं नेमकं कशानं काम केलं?

खरंच तपासायचं असेल तर महिनाभर रोज रात्री नाणं उडवा. छापा आला तर जायफळाचं दूध, काटा आला तर साधं. सासूबाईंना कोणतं ते सांगू नका आणि सकाळी त्यांची झोप कशी झाली ते वहीत लिहा. जायफळाचा वास लपणार नाही, हा या प्रयोगातला दोष आहे. जायफळ चिमूटभरच घाला. जास्त झालं तर त्याची विषबाधा होते.

मग शेवटी झोपायचं किती?

अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या संघटनांनी २०१५ मध्ये एकत्र बसून प्रौढांसाठी सात तास किंवा अधिक असं ठरवलं. हे सरासरीवरून ठरलेलं आहे, त्यामुळे साडेसहा तास झोपून दिवसभर ताजेतवाने असाल तर रात्री घड्याळाकडे बघत काळजी करण्याचं कारण नाही. पुरावा अपुरा आहे म्हणून जागरण निरुपद्रवी ठरत नाही, आणि सात तास झोपायला पैसे पडत नाहीत. निदान ज्यांना दुसरी शिफ्ट करावी लागत नाही त्यांना तरी.

डॉक्टरांकडे मात्र आकड्यासाठी नव्हे, लक्षणांसाठी जा. घोरताना श्वास थांबतोय असं घरच्यांना दिसतं, सिग्नलला गाडीवर पेंग येते, तीन महिन्यांहून अधिक काळ आठवड्यातल्या निम्म्या रात्री झोप लागत नाही, किंवा झोप अचानक वाढली आहे. जाताना दोन आठवड्यांची झोपेची वही बरोबर न्या: अंथरुणात कधी गेलात, उठलात कधी, मध्ये किती वेळा जाग आली, चहा-कॉफी किती, दुपारी झोपलात का आणि कोणती औषधं चालू आहेत.